सावली स्टेशनकडे

मी रागावले की मराठीतच रागावते. चेन्नईत त्याची फार सोय आहे. बँकेत, बसमध्ये, भाजीवाल्यासमोर, चेहरा शांत ठेवून हळू आवाजात काहीही बोलावं... कुणाला कळत नाही.

त्या दिवशी रुचाच्या शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर बसून मी नाशिकला आईला फोन लावला होता. चेहरा अगदी शांत होता.

"अगं, उभं केलं तिला. अख्ख्या तिसरीच्या वर्गासमोर. का, तर कल्पना मिसने विचारलं, दुपारी सावली कोणत्या बाजूला पडते. सगळी मुलं म्हणाली, उत्तरेला. आपली रुचा म्हणाली, स्टेशनकडे."

"स्टेशनकडे म्हणजे?"

"म्हणजे दक्षिणेला. आमच्या गच्चीवरून अंबत्तूर स्टेशन दक्षिणेला दिसतं ना. सुट्टीच्या दिवशी दुपारी वर जाऊन बघते ती, कपडे वाळवायच्या खांबाची सावली. डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं पोरीने. मिस म्हणाली, पुस्तकात काय आहे ते सांग. ही म्हणाली, पण मी बघितलंय. झालं, तोंडावर बोट ठेवून उभी. आता मुलं तिला 'स्टेशन' म्हणून हाक मारतात."

"विदू, तू नीट बोल हं तिथे. तुझं तोंड मला माहितीये."

"नीटच बोलणार आहे. इथे एक सायन्सचा हेड आहे, सगळ्या मिसना उत्तरं तो काढून देतो. त्याचीच वाट बघतेय. असेल कुणीतरी टकल्या, पोट सुटलेला, जन्मात उन्हात उभा न राहिलेला. पुस्तक चघळून पास झालेला बैल."

माझ्या शेजारी बसलेला माणूस थर्मासमधून कॉफी ओतत होता. त्याने झाकण सावकाश फिरवून बसवलं. समोरच्या झाडाकडे बघत म्हणाला,

"टक्कल नाही अजून. पोट थोडं आहे. उन्हाचं तें खरें बोललात..." मग एक घोट घेऊन, "पण बैल सारा दिवस उन्हांतच असतो, बाई."

मराठी. जुनी, गोल गोल, तमिळ हेलात झुलणारी... पण मराठी.

फोनमध्ये आई "हॅलो, हॅलो" करत होती. मी फोन बंद केला. कान तापले होते. पण माफी मागायची इच्छा काही केल्या होईना.

"बरं झालं ऐकलंत," मी म्हटलं. "परत सांगायचा त्रास वाचला."

तो हसला. हसताना आधी डोळे बारीक व्हायचे त्याचे, मग ओठ. हे मी तेव्हा बघितलं नाही. म्हणजे बघितलं... पण रागात बघितलेलं मोजत नाहीत.

त्याचं नाव श्रीवत्स. घराणं तंजावरचं, किती पिढ्या झाल्या ते त्यालाही सांगता येत नव्हतं. नववी-दहावीला फिजिक्स शिकवायचा. घरी आईशी हीच मराठी बोलायचा, आणि घराबाहेर ती कुणाला कळत नाही या भरवशावर तोही, म्हणाला, पुष्कळ बोलून घ्यायचा.

प्रयोगशाळेत नेऊन त्याने मला स्टूल दिलं. मी बसले नाही.

"उत्तरं तुम्ही काढलीत?"

"हो. प्रकाशकाच्या पुस्तकांत आहे तसंच."

"तुम्ही स्वतः बघितलंय? कधी? दुपारी सावली कुठे पडते ते?"

तो काहीतरी बोलणार होता. थांबला. मग खडू उचलून टेबलावरच एक गोल काढला, त्यावर आडव्या रेघा. "चेन्नई तेरा अंशांवर. सूर्य जूनमध्ये साडेतेवीसपर्यंत वर सरकतो. म्हणजे एप्रिल सरतां सरतां आपल्या डोक्यावरून पलीकडे जातो... उत्तरेस. ऑगस्टाच्या मध्याला परत येतो." खडू थांबला. "तोंवर सूर्य उत्तरेस. सावली दक्षिणेस."

पंखा फिरत होता. खालून मुलांची पाढ्यांची ओरड ऐकू येत होती.

"तुमची मुलगी बरोबर आहे," तो म्हणाला. "आणि मी एम.एस्सी. आहे."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मला बरं वाटेल. उलट तळपायाची आग मस्तकात गेली.

"खडू उचलेपर्यंत वेळ लागला तुम्हाला. एवढंच. आणि तेवढा वेळ तुमच्यापैकी कुणी काढला नाही. उद्या वर्गात जाऊन सांगा."

"उद्या नको. आधी मी पाहातों."

"अजून काय पाहायचंय?"

"सावली. आतां जें सांगितलं, तें पण कागदावरचंच ना? न पाहतां सांगितलं म्हणून तर तुम्ही इथें भांडतां आहांत."

बोलणं बरोबर होतं. त्यामुळे तो माणूस मला आणखीच नावडता झाला.

*

मी भित्री आई आहे. ताप नसताना कपाळाला हात लावून बघते. शाळेची रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी बाल्कनीत उभी राहते. पण शांतता ओळखायला मला थर्मामीटर लागत नाही.

रुचा आधी सकाळपासून सुरू व्हायची. दूध उतू जातं, मग पाणी का नाही. पाल छतावरून पडत का नाही. कुकरला कसं कळतं की आता शिट्टी द्यायची. मी डब्यात भाजी भरता भरता अर्धी उत्तरं द्यायचे, अर्धी संध्याकाळवर ढकलायचे. आणि आता... दूध उतू गेलं, गॅसभर पसरलं, आणि ती नुसती बघत राहिली. "आई, फडकं देऊ?" एवढंच म्हणाली.

ते ऐकून मी स्वयंपाकघरात रडले. कारण हे मला पाठ होतं.

उन्मेषशी लग्न झालं तेव्हा मीही बोलकी होते. त्याला सगळंच माहीत असायचं, आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं... "तुला काय करायचंय?" गाडी असा आवाज का करते? तुला काय करायचंय. हा हप्ता कसला? तुला काय करायचंय. बाई विचारायची थांबते तेव्हा आवाज होत नाही, कुणाच्या लक्षात येत नाही. घटस्फोट घेऊन, बँकेत चेन्नईची बदली मागून, तिथून मुलीला उचलून आणलं होतं मी. पुन्हा तेच व्हायला?

आणि भोवती हे सगळे. पालकांच्या ग्रुपवर रोज मेसेज, कुठल्या क्लासला घातलं तर मूल पुढे सायंटिस्ट होईल. विज्ञान प्रदर्शनाला सगळ्यांची एकाच दुकानातून आणलेली थर्माकोलची सूर्यमाला, वाट्टेल तिथे चिकटवलेला शनी. पण पोरगी उन्हात उभी राहून सूर्याकडे पाठ करते, खांबाची सावली बघते, तर ती वेडी. तिला हसायचं.

*

रविवारी बाराच्या आधी श्रीवत्स आमच्याकडे आला. हातात दोरी, दोरीला लोंबता ओळंबा. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"आईनें दिलं. डांगर पचडी."

मी झाकण उघडलं. उडदाचं डांगर, दह्यात कालवलेलं, वर मोहरीची फोडणी. "हे आमच्याकडे करतात," मी म्हणाले.

"आमच्याकडे करतात," तो म्हणाला.

"आमच्याकडून गेलंय ते."

"मग परत आणलं असं समजा... विद्युलताबाई."

"बाई म्हणू नका. आजी झाल्यासारखं वाटतं."

"मग काय म्हणूं?"

"काही म्हणायची वेळ येणार नाही. सावली बघायची आणि जायचं."

"सरी," तो म्हणाला. तमिळमध्ये 'बरं'. आज्ञाधारकपणे. डोळे मात्र बारीक झाले होते.

गच्ची तव्यासारखी तापली होती. शेजारणीने चादरीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घातले होते, त्यांना वळसा घालत आम्ही खांबापाशी गेलो. रुचा माझ्या ओढणीमागे. शाळेतले सर घरी आलेत म्हणजे काहीतरी शिक्षा आहे, अशी तिची खात्री होती.

श्रीवत्सने ओळंब्याने खांब सरळ आहे का ते बघितलं. मग गुडघ्यावर बसून तिला विचारलं, आता काय करायचं?

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही. म्हणून तर आलों."

तिने त्याच्याकडे बघितलं. सर लोकांना माहीत नसतं, हे तिला नवीन होतं. मग ओढणीच्या मागून एक बोट बाहेर आलं. "चप्पल काढून तिथे उभं नाही राहायचं. भाजतं. इथे, टाकीच्या कडेला उभं राहायचं. सावली सगळ्यात छोटी होते तेव्हा खडूने खूण करायची. बारा वाजता नसते छोटी होत. नंतर होते."

"नंतर कां?"

तिने खांदे उडवले. पण तोंड उघडलं होतं तिने. मी टाकीला धरून उभी होते, श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हते.

बारा वाजून गेल्यावर सावली सर्वांत आखूड झाली. वीतभर, काळी, स्पष्ट. खांबाच्या पायापासून निघून सरळ स्टेशनच्या दिशेला. खालून आवडी गावाकडे जाणारी लोकल गेली.

श्रीवत्स बघत राहिला. कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायचंही त्याला सुचेना. "इतकी वर्षें शिकवलं," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि ही रोज इथें पडत होती."

तेव्हा... हो, तेव्हाच. मी घाईने डबा उचलला आणि पचडी वाढायला खाली निघून गेले.

*

तो दर रविवारी येऊ लागला. सावली दर वेळी आखडत होती आणि रुचाच्या खडूच्या खुणा खांबाजवळ सरकत होत्या. वर्गातलं काही मात्र हलत नव्हतं. ती रविवारी गच्चीवर बोलायची, सोमवारी शाळेतून मान खाली घालून यायची.

"कधी सांगणार तुम्ही?" मी दर वेळी विचारायचे.

"एक दिवस येतो आहे. सूर्य अगदी डोक्यावर, खांबाला सावलीच नाही. त्या दिवशीं सारी शाळा मैदानांत आणतों. तिथेंच सांगतों. नुसतं सांगितलं तर पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहून मान हलवतील. पाहूं देत."

"तोपर्यंत ती 'स्टेशन'च."

"तुम्ही रागावलां की मानेपासून लाल होत जातां. खालून वर. ठाऊक आहे?"

"पाहून सांगताय, की पुस्तकात आहे?"

"पाहून. दर रविवारीं पाहातों." आणि मग एकदम खडूचे हात झटकत, "ऊन फार आहे... आज."

मी पाणी आणते म्हणून वळले. जिन्यात उभी राहून मानेला हात लावून बघितला. खरंच तापली होती.

मग त्या आठवड्यात त्याचा फोन आला. हेमावती मॅडम, म्हणजे प्रिन्सिपल, नाही म्हणाल्या होत्या. मुलांना भर उन्हात आणलं तर पालक तक्रार करतील. आणि उत्तर चुकीचं होतं हे मैदानात सांगायचं म्हणजे शाळेची अब्रू.

"मग?" मी विचारलं.

"मग... मी रुचाला प्रयोगशाळेंत बोलावतों. तिला एकटीला सांगतों, तुझं बरोबर होतं."

मी बँकेच्या मागच्या जिन्यात उभी होते. शिपाई वर-खाली करत होता. चेहरा शांत ठेवून, हळू आवाजात मी म्हणाले, "वर्गासमोर तिचं हसं केलंत, आणि खरं कानात सांगणार?"

शिपाई खाली उतरेपर्यंत मी थांबले.

"तुम्ही घाबरता."

"हो," तो म्हणाला. "घाबरतों."

"माझी मुलगी आठ वर्षांची आहे. मिसच्या समोर उभी राहून म्हणाली, पण मी बघितलंय. आता तुम्हीसुद्धा बघितलंय, श्रीवत्स. या रविवारी येऊ नका."

पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं मी त्याचं, तेही असं.

रविवारी तो आला नाही. रुचाने एकटीने खूण केली. जवळजवळ खांबाला चिकटलेली. "सर का नाही आले," हेसुद्धा तिने विचारलं नाही. मला त्याचा राग आला, त्याहून स्वतःचा, कारण जिन्यात पाऊल वाजलं की मी दोनदा दार उघडून बघितलं होतं.

*

ऑगस्टाच्या मध्यावर, कामाच्या दिवशी, काउंटरला गर्दी असताना शाळेचा नंबर फोनवर चमकला. मी नोटा तशाच ठेवून फोन उचलला.

"या तुम्ही," कल्पना मिस म्हणाली. "ताबडतोब. रुचा ठीक आहे... पण या."

स्कूटरवरून मी कशी गेले मला आठवत नाही. सिग्नल, कारखान्यांची भिंत, एक ट्रक, त्याला मी मराठीत घातलेली शिवी. फाटकातून आत शिरले, आणि थांबले.

सगळी प्राथमिक शाळा मैदानात होती. झेंड्याच्या खांबाभोवती गोल, डोक्यावर रुमाल, हातात पाण्याच्या बाटल्या. हेमावती मॅडम ऑफिसच्या दारात हाताची घडी घालून उभ्या. आणि खांबापाशी तो... टोपी नाही, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात माईक. शेजारी माझी लेक, खडू मुठीत धरून.

आकाशात ढग.

"मी सायन्सचा हेड," तो तमिळमध्ये बोलत होता. "मी तुमच्या मिसना सांगितलं, दुपारी सावली उत्तरेला. मिसनी तुम्हाला सांगितलं. मी कधी पाहिलं नव्हतं. रुचाने पाहिलं होतं. ती म्हणाली, स्टेशनकडे. ती बरोबर होती. मी चूक होतो. तिला उभं केलं, खरं तर मला उभं करायला हवं होतं."

आणि त्याने सगळ्या शाळेसमोर तोंडावर बोट ठेवलं.

कुणी हसलं नाही आधी. मग तिसरीच्या रांगेतून एक खुसखुस निघाली, पसरत गेली... पण ते हसणं वेगळं होतं. रुचासुद्धा हसत होती.

ढग हलेना. मुलं चुळबुळ करायला लागली. मॅडमनी घड्याळ बघितलं. मी फाटकापाशी उभी राहून त्या ढगाला काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. मग कडेला जरा उजाडलं, पिवळं पातळ ऊन खाली उतरलं, आणि मैदान एकदम झगझगलं.

खांबाला सावली नव्हती. मुलांनाही नव्हती. सगळी स्वतःच्या पायांकडे बघत होती, एक पाय उचलून, खाली नेमकी बुटाएवढीच काळी खूण, पाय टेकला की तीही गेली. कुणीतरी बाटली उभी ठेवली. कल्पना मिसने पदर सावरून स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि ती लाजली.

रुचाने माईक ओढला. "सर," ती म्हणाली, आणि तो आवाज लाउडस्पीकरमधून माझ्यापर्यंत आला, "नाशिकच्या आजीची सावलीपण आत्ता नाहीये का?"

मी डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी चारचौघांत प्रश्न विचारला होता तिने.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. त्या गडबडीत मराठीतच. "विचारूं."

*

मुलांना वर्गात पाठवेपर्यंत आणखी वेळ गेला. रुचा हटेना. आम्ही तिघं खांबापाशी उभे होतो.

"मॅडम काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आजपासून मी हेड नाही." त्याने घाम पुसला. "बरं जालं. उत्तरें काढायचं काम गेलं."

"घाबरला नाहीत?"

"घाबरलों ना. पण तुम्ही त्या दिवशीं नांव घेतलं... मग घरीं बसवेना."

रुचाचा प्रश्न राहिला होता. म्हणून मी आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आई, बाहेर जा आणि तुळशीची सावली कुठे पडलीय बघ."

"आता? बाराच्या उन्हात? काय झालं, भांडलीस का कुणाशी?"

"आजी, बघ ना," रुचा म्हणाली.

चपला घासल्याचा आवाज. दार. "हे बघ... जोशांच्या भिंतीकडे पडलीय. छोटीशी."

जोशांची भिंत उत्तरेला. रुचाने श्रीवत्सकडे बघितलं, श्रीवत्सने तिच्याकडे.

"म्हणजे पुस्तक तिकडे बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "आज."

"आज," तो म्हणाला.

"विदू," फोनमधून आई म्हणाली, "मागे कोण गं बोलतंय? मराठी बोलतोय चक्क."

मी श्रीवत्सकडे बघितलं. चेहरा शांत ठेवायचा प्रयत्न केला. आवाज हळूच होता. या मैदानात माझं मराठी कळणारा एकच मोठा माणूस होता, आणि तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"तोच गं, ज्याला मी बैल म्हणाले होते. टक्कल नाहीये त्याला. पोट थोडं आहे. खूप राग येतो मला त्याचा. रविवारी आला नाही तर आणखी येतो." मी फोन दुसऱ्या हातात घेतला. "मला वाटतं... मला त्याच्यावर रागवायला आवडतं, आई. जन्मभर आवडेल."

त्याच्या मानेपासून लाली चढत होती, खालून वर.

रुचाने आमच्या दोघांकडे बघितलं. खडू खिशात ठेवला.

"आई, रागवायला कुणाला का आवडेल?"

मी श्रीवत्सकडे बघितलं. "सांगा. तुम्ही एम.एस्सी. आहात."

"ठाऊक नाही," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे बारीक होत गेले. "पाहूं."